तुमची मोरी बघायला येतोय

चारचौघांच्या घरी हॉलमध्ये जिथं टीव्ही असतो, तिथं आमच्या प्रताप नगरच्या घरात समुद्र होता. पलंगाएवढा. खरा समुद्र नागपूरहून कोणत्याही दिशेनं निघालं तरी दूरच. त्याला इकडं यायची काही हौस नाही. हौस होती ती आमच्या ह्यांना. हे कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडतिया. सकाळी लिलावात घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन माशांपुढं गप्प बसायचं, असा माणूस. लेकीचं लग्न कोकणात झालं आणि आम्ही पहिल्यांदा तिच्या सासरी गेलो, तेव्हा ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अख्खी संध्याकाळ पाण्यात काढली. परतताना गाडीत म्हणाले, "आपल्या घरी असं काही पाहिजे वं." मला वाटलं, नारळाचं झाड म्हणतात.

मग घरी खास मिठाची पोती यायला लागली. मागच्या अंगणात निळा ड्रम, त्यात गाळलेलं शुद्ध पाणी, त्यात ते मीठ, आणि हे लाकडी दांडा घेऊन ढवळत उभे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "काय हो, पिठलं करून राहिले का?" हे थेंबभर पाणी काचेच्या नळीसारख्या यंत्रात घ्यायचे, उजेडाकडं धरून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं मीठ पाहिजे." ह्याच माणसाला माझ्या वरणात मीठ पडलेलंच नाही हे उभ्या संसारात एकदाही कळलं नाही!

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पोरांच्या 'मले'चं 'मला' करता करता नोकरी संपली, आणि घरी येऊन मी स्वतः ह्यांना "मले चहा द्या" म्हणायची. तेव्हा इथं लिहिताना 'मला' आणि बोलताना 'मले' असं होणार. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तर, केशरी-पांढरे दोन-चार मासे होते तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. एका दिवाळीनंतर ह्यांच्या छंदातला मुंबईचा कोणी ओळखीचा नागपूरला आला आणि ह्यांना एक भेट देऊन गेला. पाण्याच्या पिशवीत एक चपटी, तपकिरी, दोरे सुटलेली वस्तू. चोखून वाळवलेल्या आंब्याच्या कोयीसारखी.

"हे काय?"

"अंडं."

"कोणाचं?"

ह्यांनी आधी चहा पिऊन घेतला. मग म्हणाले, "शार्कचं."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच. "शार्क? घरात? सोफ्याच्या बाजूले?"

"अवं, ही लहान जात आहे. बांबू शार्क म्हणतात. तळाशी पडून राहते गरीब. त्याच्याकडच्या टाकीतच मादीनं घातलं हे. माणसाले काही करत नाही."

"मोठी केवढी होते?"

ह्यांनी दोन हात हवेत धरून दाखवले. अडतियाचे हात ते, माल आपल्याला घ्यायचा असला की आपोआप जवळ येतात. मला हे ठाऊक होतं, तरी मी फसले.

अंडं टाकीत एका काडीला बांधून लटकवलं. एक दिवस ह्यांनी मला बळंच बोलावलं आणि अंड्यामागून मोबाइलचा टॉर्च लावला. ते तपकिरी कातडं एकदम मधासारखं उजळलं आणि आत, गोल पिवळ्या बलकाला चिकटून, दोऱ्याएवढं काहीतरी वळवळलं. शेपटी! चक्क शेपटी हलवत होती. मी म्हटलं, "माय वं!" बस, तेवढंच म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून देवपूजा आटोपली की माझा पहिला फेरा टाकीकडे. ह्यांनी टॉर्च धरायचा आणि मी बघायचं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय उबवून राहिल्या दोघं जण?" मी म्हटलं, "म्हातारपण."

होळीच्या सुमारास एका सकाळी अंडं रिकामं लोंबत होतं आणि तळाच्या वाळूवर वीतभर लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मांजरासारख्या डोळ्यांची एक पोरगी बसली होती. पोरगीच होती, ते बघायची खूण असते म्हणे. ह्यांनी कळमन्यात पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "नातू झाला का?" हे म्हणाले, "शार्क झाली." अर्ध्या बाजाराला वाटलं नवीन गाडी घेतली.

नाव ठेवायचं नाही, असं मी ह्यांना बजावलं होतं. नाव ठेवलं की जीव लागतो. म्हणून आम्ही तिला नुसतंच 'ती' म्हणत गेलो, आणि जीव लागायचा तो लागलाच.

तिला खायला कोळंबी लागायची. बर्फात आलेली, सोललेली, बारीक तुकडे केलेली. माझ्या फ्रिजमध्ये कोळंबी? माझ्या मेल्यावर! हे बाहेर सावजीकडं मटण खातात ते मी कधी काढत नाही, पण पारशिवनीकडच्या माझ्या माहेरी आणि इथं माझ्या स्वयंपाकघरातही मासळीचा वास कधी आला नव्हता. ह्यांनी मुकाट्यानं एक छोटा फ्रिज आणून अंगणातल्या पडवीत ठेवला. तेवढ्यात मृगबहाराच्या संत्र्यांचा माल उतरायला लागला, हे पहाटेच कळमन्याला पळायचे, आणि तिला भरवायचं कोणी? मी. नाकाला पदर, लांबलचक चिमटा, चिमट्याच्या टोकाला कोळंबी, आणि मी तोंड फिरवून उभी. पंधरा दिवसांत पदर गेला. महिनाभरात चिमटा गेला. तिचं तोंड खालच्या बाजूला, तोंडाशी दोन बारीक मिशा. त्या मिशा माझ्या बोटांना आधी चाचपायच्या आणि मग चटकन तुकडा ओढला जायचा. दात आहेत की नाही कळायचंही नाही. मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी एकटीच मोठ्यानं हसायची. लेक सासरी गेल्यापासून ह्या हॉलमध्ये दुपारी कोणी हसलं नव्हतं.

मी टाकीजवळ गेले की ती काचेला नाक लावून सरळ वर चढायची, अगदी पाण्याबाहेर नाक काढायची. मी येईल-जाईल त्याला दाखवायची. "पाहा, मले ओळखते. ह्यांच्यासाठी उठत नाही, माझ्यासाठी उठते." हे बिचारे मान डोलवायचे.

आणि ती वाढत होती. अडतियाच्या हातांनी दाखवलं होतं त्याच्या कधीच पुढे गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात नवतपा लागला. नागपूरचे ते नऊ दिवस ज्यानं काढले नाहीत त्याला सांगून उपयोग नाही. टाकीचं पाणी थंड ठेवायला एक मशीन होतं, ते दिवसभर धापा टाकायचं. एका दुपारी आम्ही दोघं जेवून कूलरसमोर लवंडलो होतो, आणि बाहेर धडाम्! कोपऱ्यावरची डीपी उडाली. गल्लीतली वीज गेली. इन्व्हर्टरवर पाण्यात हवा सोडणारा पंप चालला, पण ते थंड करायचं मशीन त्यावर चालेना. टाकीतला तापमानाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत चढायला लागला. ती तळाशी पडून भराभर कल्ले हलवत होती.

हे फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या आणून पाण्यात सोडू लागले. त्या बघता बघता वितळल्या. मी अनवाणी शेजारच्या वहिनींकडे धावले. "वहिनी, बर्फ आहे का? पोरीचा जीव चालला!" त्यांना वाटलं आमची लेक माहेरी आली आणि तिला ऊन लागलं. त्या घाबरून बर्फ, कांदा आणि पन्ह्याचा जग घेऊन आल्या, आणि पोरगी म्हणजे शार्क हे बघून कांदा हातात धरून उभ्याच राहिल्या. मग त्यांनीच गच्चीवर जाऊन हाका मारल्या. अर्ध्या तासात सगळी गल्ली आमच्या हॉलमध्ये. रसवंतीवाल्यानं पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणली. हे ओरडले, "बर्फ सरळ टाकू नका, पाणी अळणी होते!" मग लादी फोडून पिशव्यांत भरली, गाठी मारल्या आणि पिशव्या पाण्यावर तरंगत सोडल्या. दोन काकू टाकीच्या दोन बाजूंनी पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. कोणी म्हणालं, एवढी सेवा सासऱ्याची केली नाही. पन्हं सगळ्यांनी मिळून संपवलं. संध्याकाळी लाईट आली तेव्हा अशी आरोळी उठली की बाहेरचे लोक भारत जिंकला का म्हणून विचारायला आले. ती वाचली. केशरी माशांची जोडी मात्र गेली.

सगळे गेल्यावर हे ओल्या फरशीवरच बसून राहिले. मग म्हणाले, "हिले द्यावं लागते वं."

"कोणाले?"

"समुद्राजवळ कोणाले तरी. अजून वाढन ही. टाकी पुरत नाही तिले. आन् पुढच्या नवतप्यात पुन्हा डीपी उडाली तर?"

"जनरेटर घ्या."

"टाकीचं काय?"

"भिंत पाडा, टाकी वाढवा."

"भिंतीपलीकडं वहिनीचा हॉल आहे."

"मग वहिनीले विचारा!" मी ओरडले. मला रडू येत होतं आणि रडताना मी ओरडते. "आणताना तुम्ही आणली. मी नाही म्हणत होती. आता मले लळा लावून दिला, आन् देऊन टाका म्हणता? भाजी आहे का ते?"

खरं सांगते, अंडं आलं तेव्हा मी जे जे बोलले होते ते सगळं आता हे बोलत होते. ह्यांच्या छंदवाल्या मित्रांच्या ग्रुपवरही तेच भांडण पेटलेलं असायचं. एक म्हणे, शार्क घरात ठेवणं म्हणजे उंट गच्चीवर पाळणं. दुसरा म्हणे, अंड्यातून टाकीतच निघाली, तिला समुद्र काय ठाऊक? त्या दुसऱ्याचं मला एकदम पटायचं. जिनं पाहिलंच नाही तिला दुःख कशाचं? हे मात्र ग्रुपवर काही लिहीत नसत. जावयांनी तिकडं समुद्रकाठच्या एका कॉलेजात चौकशी केली होती. तिथं माशांच्या अभ्यासासाठी मोठा थोरला गोल हौद होता, समुद्राचंच पाणी त्यात आत-बाहेर खेळायचं, ह्याच जातीच्या दोन-तीन शार्क आधीच होत्या, आणि ते लोक हिलाही घ्यायला तयार होते. लेकीनं फोनवर एवढं सांगितलं तशी मी फोनच ठेवला. "तू तुह्या बापाच्या पार्टीची," म्हटलं. त्यानंतर महिनाभर मी तिला स्वतःहून फोन केला नाही. हे विषय काढायचे, मी उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी ह्यांनी बोलणंच सोडलं. मी जिंकले होते.

अशात एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. लेकीची सासू म्हणजे मोकळी, हसरी बाई, एका दमात चार गोष्टी बोलणारी.

"ताई, दसऱ्याला आम्ही दोघं येतोय हां! खास तुमची मोरी बघायला."

 आमच्याकडं मोरी म्हणजे पाणी वाहून जायची जागा. बाथरूमच्या कोपऱ्यातली. आणि आमच्या बाथरूमच्या त्या कोपऱ्यात एक फरशी फुटलेली होती, जाळी सुटलेली होती, हे अगदी खरं.

"मोरी?" मी विचारलं.

"हो तर! सूनबाईनं फोटो दाखवलेत. आधी एवढीशी होती, आता म्हणे केवढी झालीय. आमच्या ह्यांना तर झोप नाही. म्हणतात, घरात अशी मोरी आपण जन्मात बघितली नाही."

माझ्या कानातून धूर निघाला. फोटो! माहेरच्या मोरीचे फोटो सासरी दाखवते ही कार्टी!

"रात्रीच जास्त बाहेर येते ना हो?" विहीणबाई विचारत होत्या.

"कधी कधी," मी म्हटलं. घूस एकदाच आली होती.

"आणि घरात वास नाही येत?"

"नाही!" मी म्हटलं. "आम्ही स्वच्छता ठेवतो."

"तसं नव्हे हो, आमच्याकडे तर मोरी आली की मी ह्यांनाच साफ करायला बसवते. त्यांच्यासारखी कोणाला जमत नाही."

व्याही बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते मोरी साफ करतात, आणि विहीणबाई हे कौतुकानं सांगतात! फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, "शिका काही." सगळी हकीकत ऐकून ह्यांचाही चेहरा उतरला. "काहून सांगितलं असन वं पोरीनं?" एवढंच म्हणाले. लेकीला फोन करून विचारावं, तर माझा अबोला चालू होता. आणि विचारायचं तरी काय, मोरीचे फोटो काहून काढले?

दुसऱ्या दिवसापासून घरात मिस्त्री. जुनी फरशी उखडली, पांढरी शुभ्र नवी बसवली, स्टीलची चकचकीत जाळी, भिंतीला रंग. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, इथं कोण येऊन राहिलं?" मी म्हटलं, "विहीणबाई." त्यानं जाळी आणखी एकदा घासून घेतली. ॲसिडचा वास हॉलमध्ये आला तेव्हा हे धावत येऊन टाकीवर ओला टॉवेल धरून बसले. दसऱ्याला झेंडूची तोरणं केली, त्यातलं एक मी बाथरूमच्या दाराला लावलं. म्हटलं, बघाच म्हणावं.

पाहुणे आले. पाण्याचा पेला हातात घेत विहीणबाई म्हणाल्या, "चहा मागाहून. आधी मोरी!" मी पदर सावरला आणि त्यांना घेऊन निघाले. मागून व्याही, त्यांच्या मागं हे. मी दार उघडलं, लाईट लावला आणि बाजूला झाले.

विहीणबाईंनी आत बघितलं. व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावरून बघितलं.

"छान आहे," व्याही म्हणाले. सभ्य माणूस.

"पण मोरी कुठाय?" विहीणबाई म्हणाल्या.

"ही काय!" मी बोट दाखवलं.

त्या वाकल्या. कोपऱ्यातल्या जाळीत डोळा लावून म्हणाल्या, "आत गेली? एवढ्याशा भोकातून?"

"जाते ना. सगळं जाते," मी म्हटलं. "आता तर एकदम मोकळी केली."

त्या सरळ उभ्या राहून माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांच्याकडं.  शेवटी ह्यांनी मागून घसा खाकरून म्हटलं, "तोवर... आमची शार्क पाहून घेता का?"

विहीणबाई हॉलमध्ये आल्या आणि टाकीपुढं टाळी वाजवून किंचाळल्या, "अगो बाय! ही काय मोरी!"

कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात. हे मला मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर कळलं! विहीणबाई खुर्चीत बसल्या त्या घसरून खाली बसल्या. व्याही चश्मा काढून डोळे पुसत होते. हे भिंतीला टेकून पोट धरून. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही साफ करता ते..." "हो हो, वाटण लावून मटणासारखा रस्सा करतो तिचा!" व्याही म्हणाले, आणि मी त्यांच्या अन् टाकीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मग लेकीला फोन लावला. तिला काही सांगता येईना, नुसतं हसणं ऐकून तीही हसत सुटली. आमचा अबोला कुठल्या कुठं गेला. मिस्त्रीनं मात्र काम चांगलं केलं होतं.

रात्री वडा-भात झाला, पाटोडी झाली. विहीणबाई टाकीजवळून जाताना दर वेळी तिला म्हणायच्या, "वाटण तयार आहे हां." मी म्हणायची, "माझ्या घरात हे नाव काढाल तर उपाशी ठेवीन." अशी मजा चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा विहीणबाई टाकीपुढं वेताच्या मोढ्यावर बसल्या होत्या. बराच वेळ बसल्या असाव्यात. चहा घेत, अगदी सहज, मला विचारलं, "ताई, ही सरळ कधी जाते हो?"

"म्हणजे? सरळच तर जाते."

"नाही, मी मघापासून बघतेय. दोनदा शेपटी मारते की काच येते. मग वळते. परत दोनदा, परत काच. तिसऱ्यांदा मारायची असेल ना तिला." एवढं बोलून त्या आंघोळीला गेल्या, माझ्या नव्या मोरीचं कौतुक करत.

मला रागच आला. खाणारे तुम्ही, आणि मला शिकवता? मग मी त्या मोढ्यावर बसले. शेपटी, शेपटी, काच. वळण. शेपटी, शेपटी, काच. मी दीड वर्ष तिला बघत होते. तिचे पट्टे पुसट झालेले मला पाठ होते, मिशा पाठ होत्या. हे कधी दिसलं नव्हतं. कारण मी आले की ती काचेवर नाक घासत वर चढायची, आणि मी समजायची, मला भेटायला आली. आता मी जवळ गेले नव्हते, लांब बसले होते, तरी ती चढत होती. समोर जागा संपली की वर. तिच्या नाकाचं टोक पांढुरकं झालं होतं. मी ते वयाचं समजत होते. दीड वर्षाच्या पोरीला कसलं वय?

मी तिथंच बसून रडले. पदरात तोंड घालून, आवाज न करता, जे माझ्या स्वभावात नाही. जिनं समुद्र पाहिला नाही तिला दुःख कशाचं, असं मीच म्हणत होते. पण शेपटीला ठाऊक होतं ना. ती रोज मारून बघत होती.

हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले. "काय झालं वं?"

"फोन लावा," मी म्हटलं.

"कोणाले?"

"त्या कॉलेजले. आन् काही बोलू नका आता. एक शब्द बोलले तर मी पलटीन."

ह्यांनी साबणाच्या तोंडानंच फोन लावला.

दिवाळी झाल्यावर, हवा गार पडल्यावर, आम्ही निघालो. थर्माकोलची मोठी पेटी, तिच्यात पिशवीत ती, बॅटरीवरचा छोटा पंप, गाडीत एसी असा की मी स्वेटर घालून बसले. मी मागच्या सीटवर पेटीवर हात ठेवून. टोलनाक्यावर एकानं विचारलं, पेटीत काय? हे म्हणाले, "शार्क." तो हसून म्हणाला, "जा काका, जा." ढाब्यावर आम्ही आळीपाळीनं जेवलो. वाटेत ह्यांना कोणा नवशिक्याचा फोन आला, काका, मलेही एक शार्क ठेवायची आहे, टाकी केवढी लागन? हे गाडी बाजूला घेऊन थांबले आणि म्हणाले, "बाबू, आधी एवढं सांग, तुह्या घरात समुद्र मावते का? नाही ना? मग दुसरं काही ठेव." मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

त्या हौदापाशी लेक, जावई, विहीणबाई, व्याही, सगळी वरात उभी होती. हौद कसला, तळं होतं ते. तिथल्या मॅडमनी सांगितलं, घाई करायची नाही. पिशवीतल्या पाण्यात इथलं पाणी थोडं थोडं मिसळत राहायचं. मला वाटलं, मिसळा, दिवसभर मिसळा. मग त्या म्हणाल्या, "सोडा आता." पिशवी ह्यांनी धरली आणि तोंड मी उघडलं.

ती आधी काठाशीच तळाला बसून राहिली.  मग तिनं शेपटी हलवली आणि निघाली. वळली नाही. तिला वळायला कोणी सांगितलंच नाही. पाणी हिरवं होत गेलं, ती फिकी होत गेली, आणि पलीकडच्या खडकांच्या सावलीत गेली.

घरी असं कधी झालं नव्हतं. घरी मी मान वळवली की ती दिसायचीच, रात्री निळ्या दिव्यातसुद्धा. इथं मी कठड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, वाकून बघितलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं.

पलीकडून हे ओरडले, "दिसते का वं?"

"नाही!" मी ओरडले. "कुठंच दिसून नाही राहिली!" आणि मला एवढा आनंद झाला, एवढा, की शेजारी उभ्या विहीणबाईंना मी गच्च मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथंच लहान पोरींसारख्या उड्या मारत राहिलो.